विमानापुरता सातवा महिना

श्रीधरराव देवपुजारी खोटं बोलले ते थंड हवेमुळे, असं त्यांचं स्वतःचं अजूनही मत आहे. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या असलेल्या माणसाला खोटं सुचत नाही. त्याला माठाशिवाय दुसरं काहीच सुचत नाही. पण सदरमधल्या विमान कंपनीच्या ऑफिसात एअर कंडिशनर होता, आणि त्याच्या गारव्यात अर्धा दिवस लायनीत उभं राहिल्यावर श्रीधररावांच्या डोक्यात एरवी कधी न येणारे विचार यायला लागले.

साल चौऱ्याहत्तर. रेल्वेचा संप सुरू झाला होता आणि गाड्या जिथल्या तिथे उभ्या होत्या. इकडे उत्तराबाईंच्या धाकट्या बहिणीचं, अरुंधतीचं, लग्न पार्ल्याला चार दिवसांवर आलं होतं. उत्तराबाईंना वडील नाहीत, भाऊ नाही. कन्यादानाला उत्तराबाई आणि श्रीधरराव यांनीच बसायचं, हे साखरपुड्यालाच ठरलेलं. दोन्ही मुलं सुटी लागल्या लागल्या आजीकडे पुढे गेली होती, ती सुखरूप पोचली. राहिलं होतं ते यजमान जोडपं. एस.टी.च्या स्टँडवर तर माणसं बसच्या टपावरही रिझर्वेशन मागत होती. उरलं विमान. विमानाशी देवपुजारी कुटुंबाचा संबंध तोवर एवढाच, की गच्चीवर कुरडया वाळत घालताना सोनेगावकडे उतरणारं एखादं दिसलं तर उत्तराबाई मान वर करून बघत आणि म्हणत, "बसतात बाई लोक!"

तर श्रीधरराव लायनीत होते. काउंटरवर ओमप्रकाश नावाचा तरुण बाबू होता. तो प्रत्येकाला एकच विचारायचा, "किस काम से जाना है?" आणि पुढच्यानं लग्न म्हटलं की म्हणायचा, "शादी तो सबके घर में है, साहब. मई का महीना है. वेटिंग में नाम लिख देता हूँ." पण एका गृहस्थानं आईच्या हृदयविकाराचं नाव काढलं आणि त्याला जागा मिळाली. एका म्हाताऱ्याला नुसत्या वयावर मिळाली. श्रीधरराव हे सगळं बघत होते. पाटबंधारे खात्यात वीस वर्षं सीनियर क्लार्क म्हणून काढल्यामुळे कुठल्या शेऱ्यावर फाईल हलते आणि कुठल्या शेऱ्यावर झोपते, हे त्यांना चांगलं कळत होतं.

त्यांची पाळी आली. "किस काम से?" ओमप्रकाशनं विचारलं.

"शादी," श्रीधरराव म्हणाले, आणि ओमप्रकाशचा हात वेटिंगच्या कागदाकडे जाताना पाहून घाईघाईनं पुढे म्हणाले, "पण आमच्या मिसेस जरा... तशा आहेत."

"तशा मतलब?"

श्रीधररावांनी आपल्या पोटापुढे वीतभर अंतरावर हात धरला. त्यांना वाटलं, एवढ्यानं कळणार नाही. म्हणून हात अजून थोडा पुढे नेला.

"अच्छा, अच्छा!" ओमप्रकाशचा चेहरा एकदम मऊ झाला. "कौन सा महीना?"

हाताचं अंतर बघता महिना बरा मोठा हवा होता. "सातवां," श्रीधरराव म्हणाले.

दोन जागा मिळाल्या. श्रीधररावांच्या अंगावरून मोरपीस फिरलं. तेवढ्यात ओमप्रकाश म्हणाला, "बस डॉक्टर का सर्टिफिकेट ले आइए. मॅडम उड़ने के लायक हैं, इतना लिखा हो. पाँचवाँ होता तो नहीं लगता था. सातवें में लगता है."

पाचवा! पाचव्यावर भागलं असतं! पण सरकारी नोकरीतल्या माणसाला ठाऊक असतं की एकदा सांगितलेला आकडा वाढवता येतो, कमी करता येत नाही. श्रीधरराव मान डोलावून बाहेर उन्हात आले.

त्यांच्या मागे लायनीत, चार माणसं सोडून, त्यांच्याच सक्करदऱ्याच्या गल्लीतले आनंदराव उभे होते. त्यांनाही मुंबईला जायचं होतं. श्रीधररावांनी त्यांना पाहिलं नाही. आनंदरावांनी सगळं पाहिलं, हाताच्या अंतरासकट. त्यांचं नाव वेटिंगमध्ये गेलं. पण आनंदरावांकडे स्कूटर होती आणि श्रीधररावांकडे सायकल, त्यामुळे बातमी आधी पोचली आणि बातमीचा कर्ता मागाहून.

श्रीधरराव घरात शिरले तो उत्तराबाई खुर्चीवर बसलेल्या, त्यांच्या पाठीशी उशी, आणि समोर आनंदरावांच्या पत्नी शोभाताई कैऱ्यांची पिशवी घेऊन.

"या, या भाऊजी!" शोभाताई म्हणाल्या. "आम्हाला कोणी सांगूनच नाही राहिलं! मी म्हणे, यंदा ही पापड लाटायला काहून नाही आली. मला वाटलं वजन वाढलं, म्हणून लाजत असंल. अगं, पण लाजायचं काय त्यात? माझ्या आत्याला पंचेचाळिसाव्या वर्षी जुळे झाले. एक तर आता तहसीलदार आहे."

रस्त्यानं जाताना कोणी अनोळखी माणसानं हातात पोर देऊन निघून जावं, तसा उत्तराबाईंचा चेहरा झाला होता. शोभाताईंनी कैऱ्या ठेवल्या, "वजन उचलायचं नाही" म्हणून दम दिला आणि जाताना माठ स्वतः उचलून दाराजवळून आत नेऊन ठेवला. तो नेमका रिकामा होता.

उत्तराबाईंनी दार लावलं. उत्तराबाई मूळच्या पार्ल्याच्या. नागपुरात वीस वर्षं काढल्यावर त्याही "करून राहिले, जाऊन राहिले" बोलत. पण राग आला की त्यांची भाषा एकदम शुद्ध मुंबईची होई.

"मी कितव्या महिन्यात आहे?" त्यांनी शुद्ध भाषेत विचारलं.

"सातव्या," श्रीधरराव म्हणाले.

"आणि मला हे कधी कळवणार होतात?"

श्रीधररावांनी सगळं सांगितलं. लायन, वेटिंग, हृदयविकारवाली आई, सगळं. "तुझ्याच बहिणीसाठी केलं," हे शेवटी, हळू आवाजात. त्या वाक्यावर उत्तराबाई जरा थांबल्या. अरुंधती त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. तिला त्यांनीच न्हाऊमाखू घातलेलं, तिच्या वेण्या घातलेल्या. तिच्या लग्नात आपली जागा रिकामी, हे त्यांना डोळ्यापुढे आणवेना.

"मी कोणापुढे खोटं बोलणार नाही," त्या अखेर म्हणाल्या. "विचारलं तर गप्प बसेन. आणि सर्टिफिकेटचं तुमचं तुम्ही बघा."

इतकी परवानगी श्रीधररावांना पुष्कळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते डॉक्टर उमाळकरांच्या दवाखान्यात जाऊन बसले. डॉक्टर उमाळकर म्हणजे घरचेच. श्रीधररावांनी प्रकृतीच्या, पावसाच्या, संपाच्या गप्पा मारून मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की एखादी बाई विमानात बसण्यालायक आहे, असं लिहून द्यायला कितीसा वेळ लागतो.

"कोण बाई? वहिनी? त्यांना काय झालंय?"

"झालं काही नाही. म्हणजे, सातवा."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "श्रीधरराव," ते म्हणाले, "तुमचं ऑपरेशन मीच सुचवलं होतं ना? शिबिरात? पाच वर्षं झाली त्याला."

आता इथे सांगायला हवं, की श्रीधररावांनी दुसऱ्या मुलानंतर बऱ्याच वर्षांनी, सरकारचा आग्रह आणि उत्तराबाईंचा त्याहून मोठा आग्रह यांना मान देऊन, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. त्यासाठी ऑफिसात खास रजा मिळाली होती. गल्लीत त्यांनी हर्नियाचं सांगितलं होतं. म्हणजे ऑफिसला एक ठाऊक आणि गल्लीला दुसरं. या व्यवस्थेवर पाच वर्षं इतकी शांतता होती, की स्वतः श्रीधररावच ऑपरेशन विसरून गेले होते. विमानाच्या काउंटरवर आपण काय बोललो, याचा खरा अर्थ त्यांच्या लक्षात आता, डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आला.

"म्हणजे तसं नाही, डॉक्टर..."

"तसं नाही तर कसं?" डॉक्टर म्हणाले. "सातवा असेल तर मी दोघांना तपासल्याशिवाय काही लिहिणार नाही. आणि सातवा नसेल तर लिहायचं काय? बाई गरोदर नसून उडण्यास लायक आहेत? असं सर्टिफिकेट मागायला आलेला तुम्ही पहिलेच."

श्रीधरराव तिथून उठले ते सरळ ऑफिसात गेले. ऑफिस हे त्यांचं आश्रयस्थान होतं. पण त्या दिवशी ते आश्रयस्थान त्यांची वाटच बघत होतं.

त्यांच्या ऑफिसात डिस्पॅचला रुपराव होते. रुपराव त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी राहत. म्हणजे ऑफिस आणि गल्ली यांच्या मधली भिंत ती हीच, आणि त्या भिंतीला मोठा आवाज होता. आदल्या संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर, निम्मी गल्ली डबे घेऊन उभी असताना, रुपरावांना ही गोड बातमी कळली होती, आणि त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं होतं, "काहून गा? देवपुजाऱ्याचं तं ऑपरेशन झालं होतं ना? त्याच्या रजेची फाईल सायबाकडे म्याच नेली होती!" गिरणीचा पट्टा चालू होता, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं म्हणे.

ऑफिसात ही गोष्ट कामकाजाच्या अंगानं घेतली गेली. हेडक्लार्क म्हणाले, ऑपरेशन निष्फळ ठरलं असेल तर त्यासाठी दिलेली खास रजा साध्या रजेत धरायची की कसं, याबद्दल नियम बघावे लागतील. दुपारी तर कुटुंब नियोजन खात्याचा एक माणूसच येऊन बसला. चपळ, पातळ मिशांचा, खांद्याला झोळी.

"आमच्या त्या शिबिरातली एकही केस फेल नाही, साहेब," तो खुर्ची जवळ ओढून म्हणाला. "तुमची एकच. वरून विचारणा होईल. सर्जनसाहेबांच्या प्रमोशनचा प्रश्न आहे. तुम्ही एकदा तपासून घ्या, म्हणजे आमचं काम मोकळं."

"बघतो," श्रीधरराव म्हणाले.

त्या माणसानं आवाज खाली आणला. "आणि तपासणीत आमचं काम चोख निघालं, तर मग... तो खात्याचा प्रश्न उरत नाही. तो तुमच्या घरचा प्रश्न."

आजूबाजूच्या टेबलांवरचे टाइपरायटर थांबले होते. उठून उभं राहायला, टेबलावर हात आपटायला आणि सांगायला ती वेळ होती, की माझ्या बायकोबद्दल एक शब्द बोललास तर खबरदार, खोटं मी बोललोय. श्रीधररावांच्या मनात ते सगळं वाक्य तयारही झालं. पण तोंडातून आलं ते पुन्हा एकदा, "बघतो." तो माणूस झोळी घेऊन गेला. टाइपरायटर सुरू झाले, पण फार हळू, जणू प्रत्येक जण काहीतरी मनातच टाइप करत होता.

ते घरी आले तेव्हा दार लोटलेलं होतं. उत्तराबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कैऱ्या किसत होत्या. किसलेल्या कैरीचा ढीग त्यांच्या पुढ्यात एवढा मोठा होता, की त्या बऱ्याच वेळापासून किसत असाव्यात.

"नळावर गेले होते," त्या म्हणाल्या. भाषा मुंबईची होती, पण आवाजात धार नव्हती, आणि त्यानं श्रीधरराव जास्त घाबरले. "मी गेले तशा सगळ्या गप्प झाल्या. काल शोभाताई मला वजन उचलू देत नव्हत्या. आज माझी बादली कोणी पुढे घेऊ दिली नाही. मी विचारलं, काय झालं? तेव्हा तुळसाबाई म्हणाल्या, काही नाही बाई, ज्याचं त्याला माहीत."

श्रीधरराव पाटावर बसले.

"वीस वर्षं मी या गल्लीत राहतेय," उत्तराबाई म्हणाल्या. "तुमच्या आईचं पाच वर्षं अंथरुणात केलं, ते ह्याच बायकांनी पाहिलंय. आणि आज त्या माझ्याकडे बघून पदर सावरतात. खोटं तुम्ही बोललात. पण पोट माझं वापरलंत."

"मी आत्ता जातो," श्रीधरराव म्हणाले. "जागा रद्द करतो. सगळं खरं सांगतो."

"जा," उत्तराबाई म्हणाल्या आणि पुन्हा किसू लागल्या.

विमान कंपनीचं ऑफिस बंद व्हायच्या बेतात होतं. लायन संपली होती. ओमप्रकाश एकटाच कागद आवरत होता. श्रीधररावांना पाहून त्यानं ओळखीचं हसू हसलं. "ले आए सर्टिफिकेट?"

"नाही. ते कॅन्सल करायचंय," श्रीधरराव म्हणाले. "जागा पण. आणि ते... सातव्या महिन्याचं पण."

ओमप्रकाशचं हसू मावळलं. तो खुर्चीतून उठला, काउंटरला वळसा घालून बाहेर आला आणि त्यानं श्रीधररावांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यानं शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

"कब हुआ?" तो हळूच म्हणाला. "मॅडम ठीक हैं ना? बस, वो ठीक हैं तो सब ठीक है. हमारे यहाँ भी पिछली दिवाली में... आठवाँ चल रहा था. मैं समझ सकता हूँ, साहब."

त्याचे डोळे भरून आले होते. शिपायानं पाण्याचा ग्लास श्रीधररावांच्या हातात दिला आणि तो बाहेर गेला. आता नुसतं मान खाली घालून उभं राहिलं असतं तरी भागलं असतं. जागा रद्द झाल्या असत्या, सातवा महिनाही रद्द झाला असता, आणि वर सहानुभूती मिळाली असती. श्रीधररावांच्या मनात ते आलं, हे त्यांनी पुढे कधीही कोणाला सांगितलं नाही. पण हातातला ग्लास ओठाकडे जाईना.

"तसं काही झालं नाही," ते म्हणाले. "ती तशी नव्हतीच. मैं झूठ बोला. जागा मिळावी म्हणून."

ओमप्रकाशनं त्यांच्याकडे बघितलं. मग आपले हात एकेक करून काढून घेतले. "अच्छा," तो म्हणाला. तो काउंटरच्या आत गेला, कागदावर रेघ मारली, आणि मोडक्या कपाटाला किल्ली लावू लागला.

इथेच सगळं संपवून श्रीधरराव बाहेर पडले असते तर बरं झालं असतं. पण दारापाशी ते वळले. माणूस खरं बोलला की लगेच त्याला त्या खऱ्याची भीती वाटायला लागते. "ओमप्रकाशजी," ते म्हणाले, "किसी को बताना मत."

"मैं क्यों बताऊँगा, साहब?" ओमप्रकाश पाठमोराच म्हणाला. "मुझसे तो बोला भी नहीं जाएगा."

त्यानं शब्द पाळला. कोणाला काही न सांगता त्यानं वेटिंगमधल्या पुढच्या नावाला निरोप धाडला, आणि ते नाव होतं आनंदरावांचं.

इकडे रुपरावांचं दार श्रीधररावांनी त्याच संध्याकाळी ठोठावलं, कारण मुंबईला जायचा प्रश्न तसाच उभा होता आणि लकडगंजात रुपरावांचा साडू लाकडाच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. दारातच श्रीधररावांनी सगळं सांगून टाकलं. दुसऱ्यांदा सांगताना ते पहिल्याइतकं जड गेलं नाही, पण फार हलकंही नव्हतं. रुपराव आधी पोट धरून हसले. मग हसायचे थांबले.

"पण वहिनीले काहून मधात आणलं गा?" ते म्हणाले. "मले आधी सांगतलं असतं तं म्या गिरणीवर तोंड उघडलं असतं काय? आता म्याच सांगतो सगळ्यायले. ज्या गिरणीवर बोललो त्याच गिरणीवर. आन् सागवानाचा ट्रक उद्या पहाटे निघून राहिला भिवंडीले. कॅबिनमध्ये बसान काय?"

बसले. पहाटे लकडगंजातून ट्रक निघाला. खिडकीशी उत्तराबाई, मध्ये श्रीधरराव, मांडीवर शालू आणि पैठणी असलेली ट्रंक. भंडाऱ्याचा ड्रायव्हर होता. उत्तराबाई वाटेत त्याच्याशी पोटभर बोलल्या. त्याला मुली किती, मोठीला स्थळ बघताहेत का, जावई कसा हवा. श्रीधररावांशी त्या अकोल्यापर्यंत दोनदा बोलल्या, दोन्ही वेळा "पाणी". मलकापूरच्या पुढे ड्रायव्हरनं न राहवून विचारलं, "बाई, साहेब मुके हायेत काय?"

"नाही," उत्तराबाई म्हणाल्या. "बोलतात. म्हणून तर ट्रकनं चाललोय."

आता इकडे पाठीमागे काय झालं, ते सांगितलं पाहिजे. ट्रक वाटेत होता तेव्हा आनंदराव आणि शोभाताई विमानात होते. जागा देवपुजाऱ्यांच्याच, हे ओमप्रकाशच्या शिपायाकडून आनंदरावांना कळलं, आणि देवपुजारी पहाटेच ट्रकनं निघाले, हे दूधवाल्याकडून. रुपराव गिरणीवर सगळ्यांना गोळा करून खुलासा करणार होते ते संध्याकाळी. शोभाताई दुपारीच मुंबईत उतरल्या. त्यांची बहीण अंधेरीला, लग्न पार्ल्याला. शोभाताईंचा स्वभाव परोपकारी. त्या उतरल्या तशा आधी पार्ल्याला गेल्या आणि उत्तराबाईंच्या आईला सगळं सांगितलं. डॉक्टरनं विमानाला नाही म्हटलेलं दिसतं, आणि सातव्या महिन्यात ती माउली लाकडाच्या ट्रकमधून येऊन राहिली आहे. मग उत्तराबाईंच्या आत्याला बाजूला घेऊन आवाज खाली करून आणखीही काही सांगितलं, आणि "मी काही बोलले नाही हं" असं बजावून त्या अंधेरीला गेल्या.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताच्या थोडं आधी, भिवंडीला सागवान उतरवून, ट्रक पार्ल्याच्या कार्यालयासमोर येऊन उभा राहिला. आत बँडवाले वाजवत होते. श्रीधररावांना वाटलं होतं, कोणी तरी पुढे येऊन ट्रंक घेईल. पुढे आलं ते अर्धं लग्न. उत्तराबाईंच्या आई डोळ्याला पदर लावून, आत्या ओठ घट्ट मिटून, दोन माणसं एक खाट उचलून, आणि वराच्या मावशी, त्या बायकांच्या डॉक्टर होत्या, हातात स्टेथोस्कोप घेऊन. सगळ्यांच्या मागे प्रेमलता, देवपुजाऱ्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. तिनं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि मान फिरवली.

उत्तराबाई सवयीनं चाकावर पाय ठेवून झपकन खाली उडी मारून उतरल्या. बायकांनी किंकाळी फोडली.

"अगं हळू! या वयात आणि अशा अवस्थेत!" आई रडत म्हणाली. "मला मेलीला एक पत्र नाही टाकलंस?"

"आडवं करा आधी त्यांना," मावशी म्हणाल्या. खाट पुढे आली.

उत्तराबाईंनी खाटेकडे पाहिलं, आत्याच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, प्रेमलतेच्या पाठीकडे पाहिलं. सगळं त्यांना क्षणात कळलं. मग त्यांनी श्रीधररावांकडे पाहिलं. श्रीधरराव ट्रंक सांभाळत खाली उतरले, डॉक्टर मावशींच्या जवळ गेले आणि त्यांच्या कानाशी लागले.

"मोठ्यानं," उत्तराबाई म्हणाल्या.

श्रीधररावांच्या टोपीवर सागवानाचा भुसा होता. समोर वराकडची मंडळी फेटे बांधून उभी होती. बँडवाल्यांना काहीतरी घडतंय हे कळलं आणि ते थांबले, म्हणजे श्रीधररावांच्या मदतीला आवाजही उरला नाही.

"हिला काही नाही," श्रीधरराव मोठ्यानं म्हणाले. "नव्हतंच काही. विमानात जागा मिळावी म्हणून मी खोटं बोललो. हिला न विचारता. माझं ऑपरेशन झालेलं आहे. पाच वर्षांपूर्वी. आणि ते अतिशय उत्तम झालेलं आहे."

खाटवाल्यांनी खाट हळूच खाली ठेवली. ताशा एकदा नकळत वाजला आणि बंद झाला. मग वराचे वडील, उंच, करड्या मिशांचे, दोन पावलं पुढे आले.

"मिळाली का मग?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"जागा. विमानात."

"नाही," श्रीधरराव म्हणाले.

वराच्या वडिलांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग मावशी हसल्या, मग मांडवच हसला. आत्याचे ओठ उघडले आणि त्यांनी उत्तराबाईंचा हात धरून कोणाला ऐकू जाणार नाही असं काहीतरी म्हटलं. उत्तराबाईंनी तो हात सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. श्रीधररावांना वाटलं होतं, लोक हसले की मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. प्रेमलता येऊन आईच्या केसांतला भुसा काढत होती आणि त्यांच्याकडे अजूनही बघत नव्हती.

अंघोळी उरकल्या, पैठणी नेसून झाली. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला आणि कन्यादानाला यजमान पाटावर बसले. अरुंधती समोर हिरव्या चुड्यात, मान खाली घालून, आणि तिला पाहून उत्तराबाईंच्या डोळ्यात पाणी उभं राहिलं.

"वहिनी," गुरुजी म्हणाले, "यजमानांच्या हाताला हात लावा."

उत्तराबाईंनी उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि श्रीधररावांच्या कोपराजवळ टेकवलं.

"पूर्ण हात लावा, वहिनी."

"बोटानं चालत नाही का?"

गुरुजी जरा घोटाळले. "चालतं तसं. स्पर्श झाला म्हणजे झालं."

"मग आज एवढंच," उत्तराबाई म्हणाल्या.

गुरुजींनी मंत्र म्हणायला सुरुवात केली. मंत्र लांब होते, ओंजळीत पाणी साचत होतं आणि श्रीधररावांचा हात अवघडला होता. पण ते बोट निसटेल म्हणून त्यांनी शेवटपर्यंत हात जरासुद्धा हलवला नाही.